वसुली

परदेशी हॉटेलांत 'ऑल इन्क्लुझिव्ह' नावाचा एक प्रकार असतो. तुम्ही दारात पाय टाकलात की काउंटरवरची मुलगी हसत हसत तुमच्या मनगटाला प्लास्टिकचा पट्टा चिकटवते. त्या क्षणापासून काहीही खा, कितीही प्या, बिल घेऊन कुणी येत नाही. पैसे आधीच वसूल झालेले असतात. हा पट्टा आंघोळीत भिजत नाही, समुद्रात सुटत नाही, दातांनी तुटत नाही. फक्त मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी दुपारी बारा वाजता तीच मुलगी, तशीच हसत, कात्रीने तो कापते. बारा वाजून एक मिनिटाने मागितलेला चहा विकतचा.

माझी सगळी नोकरी शिरोळ तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या वसुली खात्यात गेली. कोण थकबाकीदार किती वाजता जेवायला घरी येतो, कोण मोटारसायकलचा आवाज ऐकून मागच्या दाराने उसात शिरतो, हे मला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त ठाऊक होतं. मुदत संपायच्या आत येणी जमा करायची, एवढंच मला येतं. लेकाने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून आम्हा दोघांना मॉरिशसला धाडलं आणि फोनवर सांगितलं, "बाबा, सगळ्याचे पैसे भरलेत, तुम्ही फक्त खायचं." तो मायेने बोलला असेल. मी तो वसुलीचा आदेश म्हणून घेतला.

शेवटच्या दिवशी हिने मला अंधारातच हलवलं.

"अहो, उठा. सात वाजले."

घड्याळात साडेपाच होते. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. माझं मनगटावरचं घड्याळ मी विमानतळावरच लावून घेतलं होतं, पण हिची भूक शेवटपर्यंत शिरोळच्या टायमावर राहिली.

"सातला नाष्टा उघडतोय, बाराला पट्टा कापणार. हातात किती तास राहिले?"

"पाच."

"मग लोळताय काय?"

पावणेसातला आम्ही नाष्ट्याच्या दारात. आतली पोरं अजून भांड्यांची झाकणं पुसत होती. आम्हाला बघून एक जण दुसऱ्याला काहीतरी म्हणाला. भाषा क्रिओल होती, पण अर्थ शिरोळच्या स्टँडवरसुद्धा कळला असता.

बुफेत कसं खावं याचं माझं शास्त्र आहे. पाव, भात, बटाटा यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. ही मंडळी पोटातली जागा अडवतात आणि किमतीला शून्य. थेट तारणाच्या मालावर जायचं. धुरी दिलेला सामन मासा, तऱ्हेतऱ्हेचं चीज, काजू. मी ताटली घेऊन सामनपाशी पोचलो, चिमटा उचलला, आणि पाठीमागून आवाज आला.

"वार कुठला आज?"

गुरुवार होता. नरसोबाची वाडी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या दत्ताच्या दारात वाढलेल्या माणसाने गुरुवारी मासळीकडे बघायचं नसतं. तरी मी कायदेशीर मुद्दा काढून पाहिला.

"अगं, समुद्र ओलांडला की वार लागत नाही."

"दत्ताला समुद्र आडवा येतोय काय? ठेवा तो चिमटा. मार्गशीर्ष लागायला चार दिवस अवकाश आहे म्हणून बरं, नाहीतर मी उपासच धरलो असतो."

झालं. अर्धा बुफे कलमाच्या एका फटक्यात बाद. ऑम्लेट फिरवणारा आचारी रोज मला लांबूनच हात करायचा. त्याच्यासमोरून मी मान खाली घालून केळं सोलत गेलो. मग उरलेल्या मालावर दुप्पट जोर. पपई, अननस, लिची, दही, मध, चार जातींचं चीज. ही म्हणत होती, "मी आता काय खात नाही बघा," आणि म्हणता म्हणता उठून पुन्हा ताटली भरून आणत होती.

साडेनऊच्या सुमाराला शेजारच्या टेबलावर एक गोरं वयस्कर जोडपं आलं. दोघांत मिळून पपईच्या दोन फाका, एक वाटी दही आणि बिनदुधाची कॉफी. मग दोघंही पुस्तकं उघडून बसली. मला बघवेना. आमच्याइतकेच पैसे यांनी भरलेले, आणि मुद्दल तर सोडाच, व्याजसुद्धा निघत नव्हतं. उठून त्यांना चिजाचं टेबल दाखवावं असं फार वाटलं. हिने टेबलाखालून पाय दाबला. तिचं लक्ष वेगळ्या कामात होतं. क्र्वासाँ नावाचा जो पाव तिथं मिळतो, त्याला हिने पहिल्याच दिवशी 'खारी' म्हणून टाकलं होतं. त्या खारी टिशूत गुंडाळून हळूच पर्समध्ये चालल्या होत्या. 'खाद्यपदार्थ बाहेर नेऊ नयेत' अशी पाटी भिंतीवर होती. पण ती इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये होती, आणि या दोन्ही भाषा हिला सोयीप्रमाणे येतात.

खोलीवर आल्यावर खरी अडचण उभी राहिली. घरातून निघताना 'तिकडं काय मिळतंय न मिळतंय' म्हणून हिने जयसिंगपूरचं भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि चकल्या अशी शिदोरी भरून घेतली होती. मनगटात पट्टा असलेल्या माणसाला भडंगाची आठवण कुठली होणार? सगळी पाकिटं जशीच्या तशी. वर आता बाजारातून घेतलेली लोणची, व्हॅनिलाचा चहा, सुनेसाठी पर्स, जावेसाठी शंख. भडंगाचं वैशिष्ट्य असं की त्याला वजन नाही, पण जागा पोत्याची लागते. बॅगेवर मी बसलो, चेन लागेना. ही बसली, लागली, पण ती उठल्यावर पुन्हा उघडली.

"भडंग इथंच सोडूया," मी म्हणालो.

"फेकायचं? जयसिंगपूरचं भडंग?"

"मग वाट."

अशा रीतीने त्या सकाळी हॉटेलच्या सफाईवाल्या बाईपासून दारावरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना भडंगाचा प्रसाद मिळाला. वॉचमनने एक घास तोंडात टाकला, थोडा थांबला, आणि दुसरा हात पुढे केला. लसूण आणि लाल तिखट यांना पासपोर्ट लागत नाही. तरी दोन पाकिटं उरली. घरून आणलेल्या हुकाच्या काट्याला मी बॅग टांगली. बावीस किलो. तेवीसची मुभा. बसतंय.

बाराला पाच कमी असताना मी आंब्याचा रस मागवला, हिने चहा. कात्रीवाली मुलगी आली तेव्हा कप हिच्या ओठाला होता. मुलगी थांबली. माझ्या नोकरीत एवढं सौजन्य मी कुणालाच दाखवलं नव्हतं.

विमान रात्रीचं, त्यामुळे मधल्या वेळासाठी गाडी सांगितली होती. ड्रायव्हर साठीचा, सावळा. आमचं बोलणं ऐकून त्याने आरशातून विचारलं, "आपण महाराष्ट्रातून आलात का? मीही मराठी आहे. आपण भोजन केले का?"

ही माझ्या कानात म्हणाली, "हे कुठल्या नाटकातलं वो?" आणि मग त्याला म्हणाली, "नाही, म्हणजे ब्रेकफास्टच हेवी झाला."

त्याचे पूर्वज कोकणातून ऊसतोडीसाठी आलेले. 1834 पासून पुढे ऐंशी-नव्वद वर्षांत हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास माणसं करारावर या बेटाच्या धक्क्याला लागली, त्यांतली काही आपल्याकडची. तिथल्या शाळांत आजही मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, आणि 2023 साली तिथं शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला. ड्रायव्हरला गणपतीची आरती अथपासून इतिपर्यंत पाठ होती. आम्ही दोघं मात्र दुसऱ्या कडव्यापासून नुसते ओठ हलवत होतो.

आता या सबंध बेटावर समुद्र सोडून दुसरं काय दिसतं, तर ऊस. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. बेट आकाराने एवढं की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात अशी चार बेटं मावतील. माझी दीडेक एकराची शेती आहे, त्यामुळे मला राहवेना. गाडी थांबवून उतरलो. सरी केवढी, पेर केवढं, पाचट काढलंय की नाही, सगळं बघून घेतलं. आमचा 86032 जातीचा ऊस जास्त पोसतो, असा निष्कर्ष काढला. तरी एक टिपरं बेण्याला न्यावं असं मनात आलं. ड्रायव्हर एकदम गंभीर झाला. या बेटावर बाहेरून ऊस, किंवा त्याचं कुठलंही अंग, आणायला सक्त मनाई आहे, रोग येतो म्हणून; तेव्हा तुमच्या देशातही असाच काही नियम असेल, असं तो म्हणाला.

"चला वो," ही गाडीतून म्हणाली. "समुद्र बघायला आणलंय लेकानं. ऊस काय, घरात झोपून दिसतोय."

आणि मग तिने स्वतःच ड्रायव्हरला पुढचं ठिकाण सांगितलं. बो प्लाँचा जुना साखर कारखाना. सूनबाईंनी मोबाइलवर पाठवलेल्या यादीत ते 'चुकवू नये' या सदरात होतं. हा कारखाना 1999 साली बंद पडला आणि 2002 साली त्याचं संग्रहालय झालं. बेटावर आता जेमतेम तीन कारखाने उरलेत. कोल्हापूर जिल्ह्यात विसावर आहेत, एकट्या शिरोळ तालुक्यात दोन. म्हणजे जे बघायला आम्हाला सायकल पुरली असती, ते बघायला आम्ही हिंदी महासागर ओलांडून, तिकीट काढून आत गेलो. तेही मॉरिशसच्या रुपयात, जो आपल्या रुपयापेक्षा जवळजवळ दुप्पट जड आहे.

आत सगळं चकचकीत. चरक, काहिली, धुराडं, आणि प्रत्येकाच्या शेजारी माहितीचा फलक. डच लोकांनी 1639 साली जावाहून इथं ऊस आणला, वगैरे. आमची आजी पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणायची. ती मोरस म्हणजे हे बेट, हे मला तिथं कळलं. गावात गुऱ्हाळावर जे ऐकायला अंगावर धूर घ्यावा लागतो ते इथं थंडगार हवेत, चार भाषांत. पण हिला फलकांत रस नव्हता. तिने तिकिटावर वाचलं होतं की शेवटी साखर चाखायला देतात. चाखणं तिकिटात धरलेलं. म्हणजे पट्टा तुटला तरी वसुली चालू.

एका लांब टेबलावर वाट्या मांडलेल्या. पिवळसर, तांबूस, तपकिरी, काळी. शेजारी इवले चमचे. एक शिकवलेली मुलगी प्रत्येकीची चव कशी घ्यावी ते सांगत होती. जिभेवर ठेवा, विरघळू द्या, व्हॅनिला येतोय का बघा. माणसं डोळे मिटून साखर चाखत होती. ही शेवटच्या काळ्या वाटीपाशी गेली, चमचाभर तोंडात टाकली.

"गूळ हाय."

"मॅडम, दिस इज डार्क मस्कोवाडो."

"व्हय, तेच. काहिलीच्या बुडाचा."

कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी त्या मुलीला इंग्रजीत सांगायला लागलो. तिने शांतपणे ऐकलं आणि आम्हाला पुढच्या टेबलाकडे वळवलं. तिथं रम होती. तीही तिकिटात. मी पेला उचलला.

"वार," ही म्हणाली.

"अगं, उसाचीच आहे. रस चालतो, काकवी चालते, गूळ चालतो, मग पुढच्याच पायरीला काय झालं?"

पेला खाली ठेवावा लागला. तिकिटातली एक बाब कायमची थकीत राहिली.

बाहेर पडताना दुकान होतं. मी बिलाचा आकडा बघून दचकलो, कारण हिने लहान लहान नळ्यांत भरलेली साखर घेतली होती. भावजयांना, शेजारणींना, भिशीतल्या बायकांना, एकेक नळी. आम्ही कारखान्याचे सभासद. सवलतीची साखर पोत्याने घरात. मुंग्यांसकट आमचा संसार त्या पोत्यावर चाललाय.

"साखर? मॉरिशसहून शिरोळला?"

"ती आपली साखर. ही गिफ्ट."

पुढे पोर्ट लुईला गेलो. आप्रवासी घाटाच्या त्या दगडी सोळा पायऱ्या बघितल्या. ड्रायव्हर म्हणाला, खापरपणजोबा इथूनच वर आला, ऊस तोडायला. कुणी काही बोललं नाही. हिने उरलेल्या दोनांपैकी भडंगाचं एक पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते उघडलं नाही, समोर आरशाखाली ठेवलं.

आणि मग भूक लागली. कशी, ते मला विचारू नका. बाजाराच्या कोपऱ्यावर दालपुरीची गाडी होती. काचेच्या पेटीत फडक्याखाली पातळ, मऊ पुऱ्यांची चळत. तो माणूस न बघताच बोटांनी दोन पुऱ्या उचलायचा. दालपुरी एक मिळत नाही, जोडीनेच घ्यायची. चमच्याच्या पाठीने वर उसळ पसरायचा, मग टोमॅटोचा रस्सा, मग हिरव्या मिरचीचा ठिपका, आणि सगळं गुंडाळून कागदात. एवढ्याला लागायचा एक श्वास. हिने पहिला घास घेतला.

"पुरणपोळीच की. गूळ घालायची राहिलीया."

अलुदा प्यायली, म्हणाली, फालुदा. गाटो पिमाँ खाल्ला, म्हणाली, डाळवडा. माझावारू नावाचं लाल मिरचीचं वाटण चाखलं, म्हणाली, ठेचा, पण लसूण कमी. प्रत्येक पदार्थ आपल्याकडचा निघाल्याशिवाय तो खाल्ल्याचं हिला समाधान नाही, आणि निघाला की 'मग आपल्याकडं काय वाईट होतं' ही तक्रार तयार. तरी माझावारूची एक मोठी बरणी घेतली. चायना टाउनच्या गल्लीतून जाताना बुलेटचा वास आला, म्हणजे वाफवलेल्या गोळ्यांचा. त्यांत मासळी, कोळंबी, सगळं असतं. मी श्वास रोखून धरला. गुरुवार कधी इतका लांबलेला मला आठवत नाही.

विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली. चोवीस किलो सहाशे.

आता हे शिरोळच्या माणसाला सांगण्यात अर्थ नव्हता. आमच्या भागात काटा हा विश्वासाचा विषय नाही, आंदोलनाचा आहे. शेजारच्या जयसिंगपूरला दरवर्षी ऊस परिषद भरते, तिथं दराच्या खालोखाल वजनावर गर्दी तापते. मी काउंटरवरच्या मुलीला म्हणालो, "आधी रिकामा काटा दाखवा." तिने बॅग उतरवली. शून्य. पुन्हा ठेवली. चोवीस सहाशे. मी हुकाचा काटा काढला. त्यावर बावीस. मागच्या रांगेतून कुणीतरी उसासा टाकला.

"हा काटा किती साली घेतला?" हिने मला विचारलं.

"का?"

"ह्याच्यावरच तुम्ही भंगारवाल्याला रद्दी घालताय ना?"

मी गप्प बसलो. काहीतरी काढणं भाग होतं. साखर काढ म्हटलं तर ती वाटायची होती. शंख जावेचा. शेवटी माझावारूची बरणी आणि लोणच्याची बाटली काढून हातातल्या पिशवीत टाकली. बॅग बसली. माणसांचंही वजन करून घ्यायची पद्धत विमानवाल्यांनी ठेवलेली नाही, हे त्यांचे उपकार.

पुढच्या तपासणीला गणवेशातल्या बाईने बरणी वर धरली. शंभर मिलिलिटरच्या वर द्रव नेता येत नाही.

"द्रव नाही, चटणी आहे," मी म्हणालो. "घट्ट आहे. उलटी करून बघा."

तिने उलटी केली नाही. बाजूला एक मोठं पिंप होतं, त्यात टाका म्हणाली. आत डोकावलं तर पाण्याच्या बाटल्या, शांपू, आणि तिघाचौघांच्या अशाच बरण्या. हिने पिंपाकडे बघितलं, मग बरणीकडे.

"विकत घेतलीया. टाकणार नाही."

मग आम्ही मागे येऊन बाकावर बसलो. पर्समधून सकाळच्या खारी निघाल्या. शेवटचं भडंगाचं पाकीट निघालं. माझावारू त्यात कालवला, लोणच्याची फोड वर. तिखट शेवटी नाकात गेलं. डोळ्यांतून पाणी. पाण्याची बाटलीही आत नेता येत नाही म्हणून तीही तिथंच संपवली. समोरच्या बाकावर एक पुण्याकडचं जोडपं बसलं होतं, हातात तशीच बरणी. त्यांनी बराच वेळ आमच्याकडे बघितलं.

"थोडं भडंग मिळेल का?" बाई म्हणाल्या.

बरण्या दोन्ही घरांच्या रिकाम्या झाल्या. तपासणीवाल्या बाईने त्या रिकाम्या बरण्या तपासून परत दिल्या.

विमानात बसल्यावर हिने डोळे मिटले. "आता घरी जाईपर्यंत पाण्याशिवाय काही नको बघा." तासाभराने जेवणाची गाडी आमच्या रांगेशी आली. व्हेज का चिकन? मी सवयीने 'व्हेज' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात हिचा एक डोळा उघडला.

"किती वाजले?"

"दहा चाळीस."

"शिरोळात?"

"बारा वाजून दहा मिनिटं."

"मग शुक्रवार लागला. दोन चिकन सांगा."

वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्रीला नाही, असं मला गेली चाळीस वर्षं हीच बजावत आलेली आहे. मी त्यात पडलो नाही.

मुंबईला उतरून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली आणि सकाळी जयसिंगपूरला आलो. शिरोळच्या रस्त्याला रिक्षा एका उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली. मागे दोन ट्रॉल्या, वाढे रस्त्याला लागलेले, वेग बैलगाडीचा. रिक्षावाला ओळखीचा. आरशातून म्हणाला, "काकू, मॉरिशस करून आलासा म्हणे. काय आणलासा तिकडनं?"

"साखर."

त्याने आरशात एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा समोरच्या ट्रॉलीकडे.

"विकत?"

"विकत. त्यांच्या रुपयात."

त्याने हॉर्नवर हात ठेवला. "मग काका, ह्या ट्रॅक्टरवाल्याला सांगू काय, फिर माघारी म्हणून?"